बिनबिल्डिंगचं आकाश

४ फेब्रु. २००३
आज ऑफिसात मृणाल रडली. सांगलीची पोरगी, कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली, साहेबांच्या बिल्डिंगांच्या चित्रांना मशीनवर रंग भरते. साहेब म्हणाले, "ये वॉटरकलर है? प्लास्टिक की बाल्टी लग रही है." मी कप उचलत होते. म्हटलं, बरोबर बोलतायत. सगळा एकसारखा निळा. पाणी कुठं थांबलंच नाही. पाणी थांबतं तिथं कड गडद होते, वर कागदाचे दाणे दिसतात.
साहेब बघतच राहिले. "ताई, तुम को किसने सिखाया?"
वीस वर्षं घरी नवऱ्याच्या ब्रशाचं पाणी बदलतेय. आणखी कोण शिकवणार.

५ फेब्रु.
साहेबांना माझे हे आठवले. यांची कापडमिल बंद झाली तेव्हापासून ऑफिसच्या सगळ्या बिल्डिंगा हेच रंगवायचे. मिलमध्ये छपाईखात्यात नक्षी काढायचे, तोच हात इकडे वळवला. चित्रं पोचवायला मी यायचे. मग कॉम्प्युटर आला, यांचं काम गेलं आणि मला चहा-झाडूला ठेवून घेतलं.
आज म्हणाले, "भाईसाहब के हाथ के तीस कागज ला दो. सिर्फ आसमान, दीवार, छाया, घास. स्कॅन करके मशीन में रख लेंगे, हर बिल्डिंग पे चलेगा. तुम को मृणाल के बाजू में कुर्सी."
"और उसके बाद इनको काम?"
"उसके बाद जरूरत क्या है, ताई?"
तोंडावर बोलला. आवडलं मला. पन्नाशीला आले, आणखी किती दिवस फरशी पुसू.

७ फेब्रु.
यांना सांगितलं, ऑर्डर आहे. नुसती आकाशं हवीत.
"बिल्डिंग कुठाय?"
"नंतर काढणार."
"अगं, आधी बिल्डिंग, मग आकाश. छताची कड सोडून पातळ रंगाचा वॉश टाकायचा असतो. बिनबिल्डिंगचं आकाश मागणारा हा गधा कोण?"
"चार महिने हाताला काम नाही आणि वर नखरे तुमचे."
मग पाटावर कागद ताणायला घेतला. चिनी मातीची रंगाची ताटली काढली, मिलमधून शेवटच्या दिवशी शर्टाखाली घालून आणलेली.
स्कॅनचं बोलले नाही. उगाच भाषण ऐकावं लागलं असतं.

१५ फेब्रु.
अकरा झाले. खूश आहेत. रोज दाढी करतात. बर्वे आले होते, मिलमधलेच, मिलच्या थकलेल्या पैशांच्या केसची पुढची तारीख पडली ते सांगायला. नेहमीसारखी. हे त्यांना कागद दाखवत बसले. "बघ, शेवटी साहेबांना हाताचंच लागलं की नाही?"
मी पोहे ठेवले आणि आत गेले. हसू आलं. आलं तर आलं.

२१ फेब्रु.
तीस पोचले. स्कॅनरची काच लहान, कागद बाहेर येतो, वाकतो, सावली पडते. मृ. म्हणाली दोन भागांत घेऊन जोडते. जोड दिसायचा. मी कात्री घेतली आणि निम्मे निम्मे केले. "अहो काकू!" म्हणून ओरडलीच ती. यांनी कडेला पेन्सिलनं बारीक सही केली होती, ती पट्टीही कापली. कचऱ्यात.
तिसाचे साठ झाले.

२८ फेब्रु.
कुर्सी मिळाली. झाडूला सांवेरची एक बाई ठेवलीय, कोपरे सोडते.
शिकतेय. चौथी पास असले तरी डोळे आहेत. लेयर म्हणजे थर. खाली रेघांचं ड्रॉइंग, वर यांची भिंत, त्यावर यांचं आकाश. वरचा थर 'मल्टिप्लाय' केला की खालच्या रेघा दिसतात, ओल्या साडीतून परकर दिसावा तशा. खिडकीच्या कडेला पांढरं सोडायचं. मृ. भरून टाकते, मी खोडते. छाया एकाच थरात, जांभळट, एकदा टाकली की परत हात लावायचा नाही.
पेनाची पाटी असते. हात खाली पाटीवर, नजर समोर स्क्रीनवर. मृ.ला महिना लागला म्हणे. मला दोन दिवस. पोळी लाटताना कुठं बघते मी पोळीकडं.
कागदावर चूक झाली की हे दोन दिवस घर डोक्यावर घ्यायचे. इथं बटन दाबलं, चूक गेली.

१० मार्च
"पुढची ऑर्डर कधी?" रोज तेच.
"येईल."
ब्रश धुऊन ओळीनं मांडून ठेवलेत. म्हटलं तोवर गहू निवडा. निवडले.

१९ मार्च
कळलं त्यांना.
बडा गणपतीपाशी नव्या बिल्डिंगचं होर्डिंग लागलंय. मग सियागंजला गेले तर तिथं दुसरं. दोन्हीवर एकच ढग. डावीकडं पाणी उलटं फिरून फुलगोबीसारखा डाग पडलेला, तोसुद्धा. मृ.ला सांगितलं होतं मी, तो कागद सारखा घेऊ नको, निदान आडवा फिरव. ऐकेल तर ना.
दारातच उभे. "सुमन, माझा कागद कुठाय?"
"कापला."
"का?"
"काचेवर मावत नव्हता."
खाली बसले. "किती बिल्डिंगांवर?"
"सात. अजून होतील. तो आता संपत नाही."
मग सगळंच सांगून टाकलं, कुर्सीचंही. म्हटलं, त्यांना तुम्ही नको होता, तुमचं पाणी हवं होतं. मिळालं.
जेवले नाहीत. मी जेवले.

२० मार्च
बर्वे आले शहाणपण शिकवायला. "वहिनी, घरातल्या माणसाशी असं करतं का कुणी?"
"भावजी, तुम्ही दहा वर्षं तारखा मोजताय. मी कुर्सीवर बसले. बोला."
चहा न घेता गेले. बरं झालं, दूध कमी होतं.

२७ मार्च
साहेबांना आता पावसाचं आकाश पाहिजे. "दस कागज और लाओ ताई. नहीं तो रहने दो, मृणाल अकेली संभाल लेगी, सीख गई है."
मृ. स्क्रीनकडेच बघत होती. पांढरं कुठं सोडायचं ते तिला मीच शिकवलं. आता कागद नाही आणले तर परत फरशी. सांवेरवाली तर माझी फजिती बघायला टपूनच…

३० मार्च
यांच्यापुढं कागद ठेवला. खरं ते सांगितलं या वेळी, मशीनसाठीच आहे म्हणून. वाटलं फाडतील. नाही फाडला. ताणला, पूर्ण भिजवला, तिरका धरला आणि राखाडी निळा असा उतरवला की माझी पोळी जळली. वीस वर्षांत असं आकाश यांनी केलं नाही.
मग उठले, कागद नळाखाली धरला. सगळं मोरीत.
"उद्या परत करतो," म्हणाले. शांतपणे.

३ एप्रिल
पाचवा दिवस. रोज सकाळी एक, रोज कालच्यापेक्षा सरस. सुकायच्या आत धुतात. आज मी हिसकायला गेले तर कागद हातातच फाटला, ब्लाउजवर निळं पाणी.
हसले. मिल बंद झाल्यापासून असे हसलेले पाहिले नव्हते.
"ने, दे मशीनला."

५ एप्रिल
मृ.ला विचारलं, ओला कागद काचेवर चालेल?
"स्कॅनर मरेल, काकू. कॅमेऱ्यानं घ्या. वरून, सरळ. पण सावलीत हं, ओलं असलं की उन्हात चमकतं, नुसतं पांढरं येतं."
साहेबांनी कपाटातला डिजिटल कॅमेरा दिला. "सोमवार को वापस. और दस नहीं तो पाँच ही सही, पर लाओ."

६ एप्रिल, रविवार
कॅमेरा कणकेच्या डब्यामागं आहे. मृ.नं दाखवलंय, एकच बटन. वॉश टाकल्यापासून धुवेपर्यंत चार-पाच मिनिटं मिळतात.
दारात बसून लिहितेय. हे पाणी घेऊन आले, पाट उचलला.
म्हटलं, "कुठं नेताय? आत सावलीत करा की."
"आज अंगणात करतो. ऊन चांगलंय."
उन्हात फोटो येणार नाही. पण उन्हात सुकतंही लवकर, दोन मिनिटांत खडखडीत. सुकला तर धुऊन जात नाही, सरळ काचेवर. त्यांना यातलं काय हवंय ते तोंडावरून कळत नाही. वीस वर्षं मी त्यांच्या हाताकडंच बघत आले.
कागद भिजवला. पहिला वॉश टाकला. नळाकडं पाठ करून बसलेत.