खांबावरची काच

उधना, रविवार, ५ मे १९९६, संध्याकाळ

आज माझीच मला लाज वाटतेय. आमच्या इमारतीच्या खालच्या खांबाला भेग पडली, तेव्हा इंजिनियरने तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवून दिली होती. काच फुटली की भेग वाढतेय असं समजायचं आणि लगेच इमारत खाली करायची. सेक्रेटरी मी, म्हणून रोज बघायचं काम माझं.

सकाळी पाहिलं तर काच मधोमध तडकलेली. आणि दुपारी नंदुरबारहून पाहुणे येणार होते, आमच्या सुनंदाला बघायला. फुटकी काच बघून ते काय म्हणतील? काचवाल्याकडून तसलीच पट्टी कापून आणली आणि चिकटवली. एका दिवसाचा तर प्रश्न, असं म्हणालो. कुणाला म्हणालो?

पाहुणे खूश होऊन गेले. त्यांना सोडून येताना जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शोभाताई भेटल्या. भेगेच्या धास्तीने त्या नातवंडांना गोडादऱ्याला बहिणीकडे पाठवणार होत्या, पिशव्याही भरल्या होत्या. म्हणाल्या, "काच साबूत शे, भाऊ. आते पोरेसले धाडत नही." पिशव्या घेऊन त्या परत वर गेल्या. मी नुसती मान हलवली. मान!

राहवेना म्हणून आत्ता खाली जाऊन आलो. सकाळी लावलेली काचही तडकलीय.

आणि मी इथे लिहीत काय बसलोय? डोक्यावर त्यांची पोरं पळताहेत, ऐकू येतंय.