बेसला बॅटरी हवी की नको

बोळिंज, विरार (प.)
३१ ऑगस्ट २०२५

ती. सौ. स्वप्नाताईस,
कौस्तुभचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर आपण दोघं एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही म्हणून आईने पत्रांचा नियम घातला, तो ती गेल्यावरही आपण पाळतोय. वॉचमन मात्र पाकीट देताना माझ्याकडे कोर्टाची नोटीस आल्यासारखा बघतो.

आमच्या बँडवर संकट आलंय आणि ते संकट मी आहे. वसईच्या लग्नांत आम्ही चौघं वाजवतो, हे तुला ठाऊक आहे. फ्रेडरिक गातो, एरॉल कीबोर्डवर, केयूर ड्रमवर, आणि मागे बेस गिटार घेऊन मी. गेल्या रविवारी प्रॅक्टिस संपल्यावर एरॉलने सांगितलं की मांडवात माझा बेस कोणाला ऐकूच जात नाही, तेवढं काम तो कीबोर्डवर डाव्या हाताने उरकेल. तिघंच गेलो तर गाडीत ऐसपैस बसताही येईल, अशी पुस्ती जोडली. फ्रेडरिक मध्ये पडला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्याच्या मुलीचं, क्लाराचं लग्न आहे. त्यात मी ऐकू आलो तर राहीन, नाही तर पुढच्या लग्नांत मला पाहुण्यांच्या खुर्चीत बसावं लागेल.

माझी जुनी बेस पॅसिव्ह आहे. म्हणजे तारा, तारांखाली चुंबक, दोन बटणं, संपलं. बोटं जे देतील तेच ती पुढे पाठवते, आणि माझी बोटं काय देतात ते एरॉलने सांगितलंच आहे. ॲक्टिव्ह बेसच्या पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि छोटं यंत्र असतं. त्याच्या जोरावर खर्ज असो वा वरचा आवाज, हवा तसा चढवता येतो. दुकानात मी एकच बटण फिरवलं तर शेजारचं गिऱ्हाईक दचकलं. माझ्यामुळे कोणी दचकण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. ऋतिका बायकोच्या हक्काने म्हणते, तुला घरात गिटारशिवायही कोणी ऐकत नाही, तिथे बॅटरी काय करणार.

थट्टा राहू दे. वीस-बावीस वर्षांत एकही माणूस मला येऊन म्हणालेला नाही की आज तुझा बेस ऐकला. तूही मला कधी ऐकलेलं नाहीस. फ्रेडरिकने तुला मुद्दाम बोलावलंय. ये.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ माझ्या गिटारइतका मंद होऊ देऊ नकोस.

तुझा,
कौस्तुभ


देवरुख
९ सप्टेंबर २०२५

चि. कौस्तुभ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तुझे भावोजी इतके हसले की चहा बशीत कमी आणि लेंग्यावर जास्त पडला.

मला त्या बॅटरीतलं काही कळत नाही. फोटोत तू नेहमी कोणाच्या तरी खांद्याआड दिसतोस. लहानपणी आरतीला तू झांजा घेऊन नुसते हात हलवायचास, वाजवायचा नाहीस. गिटारचंही तसंच असावं, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. राग मानू नकोस.

घ्यायची तर घे, तुझी हौस आहे. पण नवी वस्तू आहे, तेव्हा आईच्या पद्धतीप्रमाणे नवरात्रात घटाशेजारी मांड. तिने तुझी पहिली सायकलसुद्धा मांडली होती आणि तू नऊ दिवस तिच्याभोवती रडत फिरला होतास. पद्धत लक्षात आहे ना? घटस्थापनेला मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही.

लग्नाला मी येते. ऋतिकाला सांग, कुळथाचं पीठ आणतेय.

तब्येत सांभाळ. आमची आठवण पत्राच्या दिवसापुरती ठेवू नकोस.

तुझी,
स्वप्नाताई


बोळिंज
२३ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घेतली. लाल आहे. या वयात लाल म्हणजे जरा जास्तच होतं, पण दुकानदार म्हणाला की शोभते, आणि शोभते म्हटलं की मी कुठलीही वस्तू घेतो. केबलबद्दलही तो काहीतरी समजावत होता. मी तेव्हा माझाच आवाज ऐकण्यात दंग होतो.

काल घटाशेजारी पाटावर मांडली. नुसती उघडीबोडकी वाटत होती म्हणून नवी केबलही तिच्यात खोचली आणि दुसरं टोक पाटाभोवती छान वेटोळं करून ठेवलं. हळदकुंकू, झेंडू, सगळं वाहिलं. येताजाता नमस्कार करतो. ऋतिका म्हणते, देवीला हेवा वाटेल.

जुनी फ्रेडरिककडे सांडोरला ठेवली आहे. नवरात्रात प्रॅक्टिस तिच्यावरच. एरॉलने कालही कानामागे हात धरून मला ऐकायचं नाटक केलं. हसू दे त्याला लग्नापर्यंत.

भेटीची वाट बघणारा,
कौस्तुभ


बोळिंज
७ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सोमवारी पहाटे निघालीस तेव्हा मी झोपलो नव्हतो, नुसता डोळे मिटून पडलो होतो. तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

मांडवात काय झालं ते तू समोरून पाहिलंस, स्टेजवरचं मी सांगतो. पहिली तीन गाणी मी राजा होतो. एरॉलने वळून पाहिलं, मी मान तुकवून मुजरा स्वीकारला. मग फ्रेडरिक गाणं केयूरवर सोपवून क्लाराबरोबर नाचायला खाली उतरला आणि त्याच नाचात माझ्या बेसचा घसा बसला. आवाज आधी फाटला, मग गेलाच. मी पाचही बटणं फिरवली. एरॉलने डावा हात खालच्या सुरांवर नेला. ते पाहिलं मात्र, मी मांडवामागे फ्रेडरिकच्या घरात पळालो, जुनी उचलली आणि परत आलो. पुढे काय वाजवलं, आठवत नाही.

नंतर एरॉलने लाल बेसची बॅटरी काढून जिभेला लावली. चव नाही, म्हणजे मेली. मग त्याने समजावलं की ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचली की आतलं यंत्र चालू होतं, तुम्ही वाजवा किंवा वाजवू नका. म्हणजे सगळं नवरात्र मी नमस्कार करत होतो आणि ती माझ्यासमोर मरत होती. हे मी एरॉलला सांगितलं नाही, फक्त केयूरजवळ बोललो. त्याने केयूरकडून काढून घेतलं आणि स्टेजच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

आता तो मला जा म्हणायच्या आत मीच जातो. रविवारी प्रॅक्टिसला जाणार नाही. दोन्ही बेस विकाव्यात की एक ठेवावी, तेवढं सांग. फार वाईट वाटतंय, ताई. तू पहिल्यांदाच आलीस आणि नेमकं हे ऐकलंस.

कौस्तुभचा नमस्कार. लोभ मागायची आज लाज वाटते.


देवरुख
१३ ऑक्टोबर २०२५

चि. कौस्तुभ यास,
अ. उ. आ.

झोपेचं सोंग तुला अजून जमत नाही. पापण्या हलतात.

घटाशेजारी मांड हे मीच सांगितलं, तेव्हा अर्धी बॅटरी माझ्या नावावर लाव. ती लाल विकून टाक. चांगलीच असेल, पण तिला आठवण ठेवणारा मालक हवा. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून दोनदा परत जाणाऱ्या माणसाने बिनबॅटरीची वाजवावी.

आता एरॉलचं. मी केक खात होते तेव्हा तो येऊन बसला. म्हणाला, डावा हात खाली गुंतला तर उजवा गाणंच विसरला. पुढच्या रविवारी तुला नेहमीच्या वेळी पाठवून द्या, असं त्याने मला सांगितलंय. तुला सांगायला त्याला लाज वाटते. हा निरोप मी सोमवारी सकाळी देणार होते, पण तू झोपला होतास. कालची प्रॅक्टिस तू बुडवलीच असशील. येत्या रविवारी मुकाट्याने जा.

आणि मी काय ऐकलं ते लिहिते, कारण तू ते विचारायला घाबरतोस. मी फ्रेडरिकच्या बायकोबरोबर, रिटाबरोबर, नाचत होते. हो, नाचत होते, तिने ओढलंच मला. भावोजींना कळवू नकोस. तुझं ते लाल प्रकरण वाजत होतं तेव्हा मला बेस कुठला आणि बाकीचं कुठलं हे कळत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग एकाएकी पाय अडखळायला लागले. मला वाटलं, गुडघे गेले. पण रिटाचेही अडखळले. फ्रेडरिक आणि क्लारा तर हातात हात धरून उभेच राहिले. गाणं चालू होतं, ड्रम चालू होता, एरॉलला घाम फुटला होता, आणि काय गेलं ते कोणाला सांगता येईना. मग तू ती जुनी, रंग उडालेली गिटार घेऊन धापा टाकत चढलास. दोन सूर वाजवले असशील नसशील, माझा पाय आपोआप उचलला गेला. सगळ्या मांडवाचा उचलला गेला.

रिटा माझ्या कानाशी म्हणाली की बेस आला. मी तिला सांगितलं की तो माझा भाऊ आहे.

ऋतिकाला आशीर्वाद. पत्र लवकर लिही, आणि वाजवशील तेव्हा कळवत जा.

तुझी,
स्वप्नाताई