चालकाची चूक

मी, मोहन दिनकर केतकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त टायर इंजिनियर, मूळचा पुण्याचा, सध्या राहणार स्टुटगार्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी फार सौम्य होतो.

१. माझी दिवंगत पत्नी इंगेर थोरूप. डेन्मार्कमधून मोटारींच्या मोठ्या शर्यतींत उतरलेली पहिली बाई. वडिलांच्या दुधाच्या टँकरवर गाडी शिकली आणि गोठलेल्या तळ्यावर वळणं. जर्मनीतल्या ड्रोस्नर संघाने तिला घेतलं ते पोस्टरवर चेहरा हवा म्हणून. ती जिंकायला लागली तेव्हा त्यांची पंचाईत झाली. मी त्याच संघात टायर बघत असे. आमचं लग्न पिटमधल्या, म्हणजे शर्यतीत टायर बदलायच्या जागेतल्या, भांडणांतून जुळलं.

तिचं हेल्मेट, सगळे चषक, माझी हत्यारं आणि हे राहतं घर मीनल साने हिला द्यावं. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहून पीएच.डी. करते. शेवटच्या वर्षी ती इंगेरला उचलून गाडीत बसवायची, आणि उतारावर इंगेर तिला शिकवायची, "ब्रेक नंतर. अजून नंतर." त्या वर्षी इंगेर तेवढ्यापुरतीच हसायची.

२. एकेहार्ड ड्रोस्नर, संघमालक. १९८८च्या पावसातल्या शर्यतीत इंगेर तिसरी होती आणि त्याचा मुलगा फोल्कर सातवा. पावसाच्या नव्या टायरांचा एकच संच उरला होता. तो मी इंगेरसाठी काढला. ड्रोस्नर म्हणाला, "फोल्करला लाव."

मी म्हटलं, "हिचे झिजलेत. भिंतीवर जाईल ती."

"जाऊ दे. बाईच्या मागून माझा मुलगा येणार नाही."

टायर बदलायला थांबलेल्या इंगेरने गाडीतूनच ते ऐकलं. "मोहन, आहेत ते राहू देत," म्हणाली आणि हेल्मेटची काच खाली ओढली. पुढच्या फेरीत ती दुसरी झाली. त्यापुढच्या फेरीत भिंतीवर गेली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी चौकशीत सगळं सांगितलं. अहवालात आलं: चालकाची चूक.

ड्रोस्नर आता नव्वदीचा आहे. त्याने संघाचं संग्रहालय काढलं आहे आणि इंगेरचं हेल्मेट दोनदा मागितलं आहे. त्याला तिचा डावा बूट द्यावा. अग्निशामकांनी कापून काढलेला, आहे तसा, न धुता. पार्सल त्याच्या वाढदिवशी, नातवंडं जमलेली असताना पोचावं.

३. माझा धाकटा भाऊ श्यामकांत, पुणे. अपघातानंतर फोनवर म्हणाला होता, "चला, आता तरी वहिनी घरी बसतील." त्याचे गुडघे गेल्याचं कानावर आलं. इंगेरच्या कुबड्या त्याला पाठवाव्यात. सोबत चिठ्ठी घालावी: चला, आता तरी घरी बसशील.

४. माझी मुलगी ईप्सिता त्याच संग्रहालयात काम करते. आईच्या फोटोखालची पाटी तिने लिहिली: "चालकाच्या चुकीमुळे कारकीर्द संपली." उद्घाटनाला आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. इंगेर कृत्रिम पायावर चालत फोटोपर्यंत गेली, वाचलं, आणि विचारलं, "हे तू लिहिलंस?"

ईप्सिता नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली, "हो, ममा. अहवालात तसंच आहे. आणि मला इथे नोकरी करायची आहे."

इंगेरने तिचा गाल थोपटला. घरी येऊन पाय काढला, तो पुन्हा घातलाच नाही. वर्षभराने गेली.

इथला कायदा मुलीला सक्तीचा हिस्सा देतो. तेवढा तिला मिळेल. मला तो अडवता आला असता तर अडवला असता.

५. ईप्सिताला मराठी समजते, वाचता येत नाही. म्हणून हे मराठीत लिहिलं आहे. माझ्या अंत्यसंस्कारानंतर मीनलने तिला समोर बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवावं. चौथं कलम सावकाश वाचावं. ती रडू लागली तर थांबावं, पाणी द्यावं, आणि ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचावं.

(सही) मोहन दिनकर केतकर
स्टुटगार्ट, ११ नोव्हेंबर २०२४

इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला हवे होते:
(सही) प्रभा पेंडसे, शेजारीण. पाचवं कलम गाळा, असं मी यांना सांगून पाहिलं.
(सही) सुमित गुप्ते. मीसुद्धा.