खरी प्रत

१० जून १९७४, सोमवार
प्रेमिलाला चारित्र्याचा दाखला लिहून दिला. माझी जुनी विद्यार्थिनी. बाप कवडू गांधीबागेत कापडाचे गठ्ठे उचलतो. पोरगी आता मास्तरीणबाई होऊ पाहते. इंग्रजी दाखल्यात मुद्दाम एक शब्द घातला — एग्रीजियस. गावच्या गुरुजींनी दिलेल्या जुन्या कोशात पाहून. 'कळपातून उठून दिसणारा, श्रेष्ठ.' कचेरीसमोर टाइप करणाऱ्या नानाजींनी अर्जासोबतची नक्कल काढली. "मास्तर, सही कराच्या आधी वाचून तं घ्या." म्हटलं, तुमच्यावर भरवसा आहे. 'मूळ कागदाशी ताडून पाहिली, खरी प्रत' — हेडमास्तरचा शिक्का मारला, सही केली. अर्ज गेला.

१५ जून
धरमपेठेतल्या वाचनालयात नवा कोश चाळला. एग्रीजियस — निर्लज्जपणे वाईट. 'श्रेष्ठ' आहे, पण अगदी शेवटी. पुढे लिहिलंय, आता प्रचारात नाही. म्हणजे मी पोरीचं चारित्र्य काय लिहून दिलं! जेवण गेलं नाही.

१६ जून
जपाला बसलो. माळ चारदा चुकली.

१७ जून
सांगायचंच ठरवून कवडूकडे गेलो. त्याने खाटेवर धुतलेली चादर टाकली. मूळ दाखला देव्हाऱ्यात ठेवलाय. "पोरीले म्हटलं, मास्तरच्या कागदाले खाली नको ठेवू वं." चहा पिऊन परत आलो. सांगितलं नाही.

२० जून
प्रेमिलाला मुलाखतीचं बोलावणं आलं. असला दाखला वाचून? तडक नानाजींकडे गेलो. ते मजेत. "तो शब्द म्या बापजन्मात नाही मारला. वाटलं, मास्तर चुकले. दाखल्यात एक्सलंट राहते, तोच ठोकला. तुमी वाचलं नाही काहून?"

जीव भांड्यात पडला — आणि तिथेच घाबरला. मुलाखतीत मूळ कागद मागतात. मूळ एक, नक्कल दुसरी. पोरीनेच फेरफार केला म्हणतील. नवा दाखला लिहून त्यावर दहा तारीख टाकली तर कोणाला कळणार? कोरा कागद पुढे घेतला होता. समोर देवाचा फोटो. कागद परत ठेवला.

२४ जून
सकाळी प्रेमिलाला सगळं सांगितलं. ती म्हणे, "सर, मंग तुमीच चला न सोबत." गेलो. मुलाखत मुलींच्या शाळेत, घेणाऱ्या मुख्याध्यापिका इंदुताई. त्यांच्याकडच्या नकलेशेजारी मूळ दाखला ठेवला, चूक माझी म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पुसला. "न वाचता सही केली, असं लिहून द्या." दिलं.

८ जुलै
प्रेमिला आज रुजू झाली. मला शिक्षण खात्याचं पत्र — न वाचता साक्षांकन का केलं, खुलासा द्या. मराठीत लिहिला. दोनदा वाचला. मग सही केली.