गाडीचे पैसे वेगळे

ता. जि. अकोला, ५ जून २०२५
ती. देवीदासमामास वर्षालीचा शि. सा. नमस्कार.
तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. पथ्य पाळता की मामीवरच चिडून राहिले?
आमच्या आरोग्य उपकेंद्राला बाळंतपणाचे पैसे आजवर वेगळे यायचे. त्यातून पावसाळाभर चिखलातून निघणारी जीप दारात असायची. यंदा सारा निधी एकत्र आला. खर्च गावाच्या आरोग्य समितीनं ठरवायचा. सरपंच किशोरभाऊ म्हणतात, जीप बंद, खारं पाणी गोड करायचं यंत्र घेऊ. सचिव म्हणून माझी सही हवी. मी दिली नाही. तुम्ही तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली. सांगा, चुकले का?
आपली वर्षाली

अमरावती, ११ जून
चि. वर्षालीस अनेक आशीर्वाद.
चुकली नाहीस, घाई केलीस. एका गावात मी बाळंतपणाची तीन टेबलं पाहिली. नळ एकही नव्हता, आणि त्या पैशातून नळ बसवायला मनाई होती. आपली गरज गावालाच कळते. त्या खाऱ्या पाण्यापायी किशोरचा भाऊ किडनीनं गेला, हे तूच कळवलं होतंस. तू कंत्राटी नर्स; सही करून मोकळी हो. मामी म्हणते, हट्ट थेट आईचा घेतलास.
रागावलो तरी तुझाच,
देवीदासमामा

२८ जून
ती. मामा, सा. न.
सही केली नाही. विरोध वहीत लिहिला, तरी माझ्या सहीवाचून, बहुमतानं जीप गेली. बावीस तारखेला गावातल्या शालूला कळा लागल्या. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर थांबलेली, आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. चाक रुतलं. तिथंच, ताडपत्रीखाली, मी बाळंतपण केलं. पोरगी लगेच रडली. शालूचं रक्त थांबेना. अकोल्यात चार बाटल्या चढल्या, तेव्हा वाचली.
काल तिची सासू पार्बताबाई बायका घेऊन ग्रामसभेत शिरली. सरपंचाले म्हणे, खारं पानी आमी जन्मभर पेऊन राहिलो, आनखी सा महिने पेऊ. पन बाळंतीन कशी थांबन? ठराव झाला: बाळंतपणाचे पैसे आधी बाजूला, यंत्र उरलेल्यातून.
मला वरून नोटीस आली, समितीच्या कामात अडथळा आणल्याची. माफी मी लिहून दिलेली नाही.
तुमचा लोभ आहेच, म्हणून हे बळ.
वर्षाली

अमरावती, ३ जुलै
चि. वर्षालीस आशीर्वाद.
पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं, दोनदा. मी नियम सांगत बसलो, तो चिखल मला दिसला नाही. पण पोरी, ठराव पुढच्या वर्षी फिरवता येतो, आणि तुझा करार सप्टेंबरात संपतो. तेव्हा काय करशील?
काळजीत,
मामा

९ जुलै
ती. मामा, सा. न.
करार संपला तरी खोली सोडणार नाही. खोली शालूच्या घरची; आता ते भाडंच घेत नाहीत म्हणून भांडण चालू आहे! काल तहसिलीत जाऊन या गावच्या मतदार यादीत नाव घालायचा अर्ज दिला. पुढच्या ग्रामसभेत नर्स म्हणून कोणी बोलावलं नाही, तर गावकरीण म्हणून जाईन. मला उठवून दाखवा म्हणावं.
मामीला नमस्कार. तुमची माया अशीच मागे उभी राहू द्या.
वर्षाली