माद्यांचं अर्धं खाणं

मावशी, आज सकाळी तळ्यावर धुकं होतं आणि त्यात मला तू दिसलीस. लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी, हातात रोहू माशाची मादी, तुझे डोळे मिटलेले. तू जाऊन किती वर्षं झाली, तरी पाणी तुझ्याभोवती हलत होतं.

कोलाडला नवी रेल्वे धावू लागली, त्या वर्षांतली गोष्ट. मी वरसे गावाहून एसटीने मत्स्यबीज केंद्रात यायची. पदवी नवी, चपला नव्या. तू पेणच्या खाडीकडची, मिठागरात वाढलेली, इथे रोजंदारीवर. अंड्यांसाठी पाळलेल्या माद्या माझ्या ताब्यात होत्या आणि पहिल्याच हंगामात त्यांची बहुतेक अंडी मेली, कच्च्या साबुदाण्यासारखी पांढरीफटक. साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी असंच झालं, तर तुम्हाला ठेवता येणार नाही." मी घाबरले आणि शेंगदाण्याची पेंड वाढवली. माद्या गुबगुबीत झाल्या, मी खूश. तू एकीच्या पोटावरून अंगठा फिरवतेस, निजलेल्या लेकराला थोपटावं तसा, आणि म्हणतेस, "ही भरलेली नाय गो, माजलेली हाय. नुसती चरबी हाय."

"मावशी, कागदावर आहे तेवढं घालायचं."

"व्हय," तू म्हणालीस आणि पाटी उचललीस.

पुढच्या हंगामात एका पहाटे आपण दोघी हौदावर वाकलो, तर अंडी काचेसारखी. प्रत्येकीच्या आत एक बारीकशी वळवळ. तुझा ओला हात माझ्या पाठीवर होता. साहेबांनी माझ्या आहार-तक्त्याचं कौतुक केलं, मला कायम केलं. त्याच आठवड्यात जाळी काढायला गोदामात गेले, तर मागे पेंडीची पोती, तोंडं शिवलेली, थप्पीच्या थप्पी. महिनोन्‌महिने तू माद्यांना अर्धंच खाणं घातलं होतंस. वळून पाहिलं, तर तू दारात उभी.

"रागावलीस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"पिल्लं जगली ना? मग झालं." आणि तू जाळ्याचं दुसरं टोक धरलंस. पोती नंतर तूच कुठेतरी हलवलीस. मी विचारलं नाही. साहेबांनाही कधी सांगितलं नाही.

आता शिकायला येणाऱ्या मुलींचा अंगठा धरून मी मादीच्या पोटावर ठेवते. "भरलेली की माजलेली?" विचारते. परवा एकीने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"पुस्तकात आहे," मी म्हणाले.

हे पत्र कुठे टाकू? तुला वाचता येत नव्हतं. तू होतीस तेव्हा लिहिलं असतं, तर ते दुसऱ्या कुणीतरी तुला वाचून दाखवलं असतं. खरं सांगते मावशी, त्या वाचणाऱ्याच्या भीतीनेच मी तेव्हा लिहिलं नाही.