मांडवाला माती हवी

४ फेब्रु.
कमिटीने हो म्हटलं! प्रणालीची हळद सोसायटीच्या पोडियमवर. अटी: दहाला आवाज बंद, बोंबील पोडियमवर तळायचे नाहीत. चालेल. पोरीची हळद हॉलमध्ये नको, आपल्या दारात हवी, हे मी कधीपासून धरून बसलोय. दार आता चौदाव्या मजल्यावर आहे, पण ही बी विंग उभी आहे ती आमच्याच भातखाचरावर. जमीन विकल्याचं मला दुःख नाही. लोकांना वाटतं, असावं. पाणी येतं, लिफ्ट आहे, आमच्या हिचे, सुनंदाचे, गुडघे खूश आहेत.

६ फेब्रु.
आत्या आली गावठाणातून. आमच्या लग्नांची धवलारीण ती. तिने धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. चहा पिता पिता तिने विचारलं, "मेढ कुठं रोवशील?"
मांडवाची पहिली मेढ उंबराची, ती जमिनीत जायला हवी. आणि पोडियम म्हणजे पार्किंगचं छप्पर.
"ड्रममध्ये माती भरू."
"मेढ काय तुलस हाय, कुंडीत लावाला? जमिनीत नाय गेली तर मी गानार नाय."
तिच्या दारात करावं, तर गावठाणात मांडव सोडा, बाईक लावायला जागा नाही.

७ फेब्रु.
प्रणाली म्हणते, "पप्पा, हॉलच बघा ना. शहाडवाल्यांनाही बरं पडेल." शहाडवाले म्हणजे तिचं सासर. ठाण्याला नर्स आहे, सगळं शांतपणे बोलते. त्यामुळेच जास्त लागलं. हॉल घेतला तर मग इथे राहतो कशाला, असं तोंडावर आलेलं, गिळलं.

९ फेब्रु.
अतिशहाणपणा केला. दुपारी सामसूम बघून मी आणि मेव्हणा संतोष पहार घेऊन पोडियमच्या हिरवळीवर. म्हटलं, गवत आहे म्हणजे माती असणारच. होती, वीतभर. मग ठण्ण.
"दगड आहे दाजी, अजून एक हाणा."
हाणला. कारंजं!
पाणी निचऱ्याच्या नळीतून खाली पार्किंगमध्ये, नेमकं सेक्रेटरी कुलकर्णीबाईंच्या गाडीवर. ग्रुपवर मेसेज: मांडवाची परवानगी तूर्त स्थगित, स्लॅब फुटला असल्यास... पुढचं वाक्य त्यांनीही पुरं केलं नाही.
सुनंदा माझं ताट झाकून ठेवून झोपून गेली. जन्म या मातीत गेला आणि आता जमीन कुठे सुरू होते तेच मला कळेना.

१० फेब्रु.
हुश्श. स्लॅबला काही झालेलं नाही. झाडांना पाणी घालायचा पाइप फुटला फक्त. प्लंबरला मिठी मारायचीच बाकी ठेवली.
संध्याकाळी कुलकर्णीबाई घरी. म्हटलं, आता ऐकून घ्यायचं. तर त्या विचारतात, "पहार कशासाठी हो?" सांगितलं सगळं. त्या आपल्या मुलीचं सांगू लागल्या.
"आमच्या मीराची मुहूर्तमेढ डोंबिवलीला हॉलच्या खांबाला सुतळीने बांधली होती. मॅनेजर म्हणाला, फरशीला डाग नको." मग उठल्या. "चला, एक जागा दाखवते."
कचऱ्याच्या खोलीमागे, कंपाउंडच्या आतच, एक पट्टा. पावसाचं पाणी जिरायला मोकळा सोडलेला. खाली पार्किंग नाही, काही नाही. इतकी वर्षं राहतो, कधी तिकडे गेलेलो नाही.

११ फेब्रु.
आत्याला नेलं. वास येत होता, खोटं कशाला लिहू. तिने चपला काढल्या, अंगठ्याने माती उकरली.
"यो आपला बांध होता. हितं चालंल."
प्रणाली: "कचऱ्याच्या रूममागे माझी हळद?" आणि मग हसतच सुटली. मेढ तिथे, बाकीचा मांडव पोडियमवर, असं ठरलं. बाईंनी परवानगीही पुन्हा दिली. पाइप अर्थात मी बदलून देणार.

१५ फेब्रु.
पार पडलं!! उंबर मातीत गेला तेव्हा मला रडू आलं. संतोषने मोबाइल लगेच दुसरीकडे वळवला, भला माणूस.
आत्या माइकशिवाय गायली. देवांना आवतण देताना गावदेवी, कुलदैवत, खाडीवरचा देव, सगळ्यांची नावं घेतली, आणि शेवटी बी विंगचंही. मग ए आणि सी विंगचं, नाहीतर ते रुसतील म्हणे. गॅलऱ्यांतून बघणारे एकेक करून खाली उतरले. कुलकर्णीबाई पिवळ्याधमक. दहाला डीजे बंद केला. आत्या बंद झाली नाही, आणि तिला सांगायला कोणी गेलंही नाही.

२ मार्च
प्रणालीचा शहाडहून फोन. आवाज मजेत वाटला. बरं वाटलं.
लिफ्टमध्ये नोटीस लागलीय. मागच्या पट्ट्यावर काँक्रीट घालून इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग करायचं. रविवारी मीटिंग, ठराव. कुलकर्णीबाई विरोधात आहेत, पण बहुमत... गाड्या लोकांनी घेतल्यात, त्या चार्ज व्हायला हव्यात, तेही पटतं. पण संतोषच्या पोराचं लग्न मेमध्ये, आणि तोही इथेच राहतो, सी विंगला.
आत्याला फोनवर सांगितलं. म्हणाली, मी येतंय मीटिंगला. म्हटलं, आत्या, तू मेंबर नाहीस, तुला तिथे बोलता येणार नाही.
"बोलनार कोन हाय? मी गानार."